चार दिवस आधी, बारा दिवस नंतर

आज सहा जानेवारी. दुपारी दोनला वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेले तर शेजारच्या काकूंचा नाताळचा कंदील अजून लटकतोय, आतला दिवा पण चालू, भर उन्हात. वसईत याचं कुणाला काही वाटत नाही, पण मला एकदम आठवलं, अरे, फूलात आज नाताळ!

फूला हे बेट आहे. स्कॉटलंडच्याही वर शेटलंड, आणि त्याच्या पश्चिमेला समुद्रात 32 किलोमीटर गेलं की फूला. 2011 च्या जनगणनेत तिथे 38 माणसं होती, म्हणजे आमच्या मामाकडची गणपतीतली एक पंगत. नावावर जाऊ नका, फुलं सोडा, झाडंही जवळजवळ नाहीत, जुन्या नॉर्स भाषेत पक्ष्यांचं बेट असा काहीतरी अर्थ आहे.

मला हे कळलं ते स्कॉटलंडमधल्या ॲबरडीन शहरात आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजींमुळे. नवऱ्याच्या तेलकंपनीतल्या नोकरीपायी आम्ही तिथे दोन हिवाळे काढले, आणि हिवाळ्यात मला करायला काही नसायचं, त्यामुळे मी त्यांच्याकडे जाऊन बसायचे. आजी शेटलंडच्या, वॉल्स नावाच्या गावच्या, पण त्या स्वतः त्याला वॉस म्हणायच्या (मी ॲबरडीनला आबरडीन म्हणते त्यावर मात्र हसायच्या). फूलाची बोट त्यांच्याच गावातून सुटते.

तर झालं असं की 1752 साली ब्रिटननं कॅलेंडर बदललं, 2 सप्टेंबरला लोक झोपले आणि उठले ते थेट 14 सप्टेंबरला, मधले अकरा दिवस गायब. फूलावाले म्हणाले, तुम्ही बदला, आम्ही नाही. मग 1800 साली जुन्या हिशेबानं त्यांनी लीप वर्ष धरलं, नव्यात ते नव्हतं, तेव्हा अकराचे बारा दिवस झाले. पण 1900 ला परत जुन्याप्रमाणे लीप धरायला हवं होतं ते धरलंच नाही! त्यामुळे अस्सल जुन्या हिशेबानं सात जानेवारीला येणारा नाताळ यांचा सहाला, आणि नवीन वर्ष तेराला. म्हणजे हे धड नव्यातही नाहीत आणि धड जुन्यातही नाहीत. आजींना म्हटलं, जुनं पाळायचं तर नीट पाळा ना. त्या म्हणाल्या, नीट पाळणारे वेगळे, आम्ही आपलं आमचं पाळतो.

हे ऐकून मी जी हसत सुटले ती का, ते त्यांना सांगता आलं नाही. कारण टिळक पंचांग इंग्रजीत कसं सांगणार?

आमचं आजोळ रत्नागिरीचं, टिळक पंचांगवालं. ज्यांच्याकडे आहे त्यांना सांगायला नको. राशीचक्र मोजायचं ते रेवतीच्या ताऱ्यावरून की चित्रेच्या, असा काहीतरी विद्वान लोकांचा वाद, पण आम्हा पोरांच्या लेखी त्याचा अर्थ इतकाच की आमची संक्रांत दहा जानेवारीला. आणि ज्या वर्षी अधिक महिना वेगळा यायचा त्या वर्षी गणपती चक्क महिनाभर आधी, बाजारात मखरांचा पत्ता नाही आणि आमच्याकडे आरत्या चालू. चौथीत मी आजोळी राहून शिकत होते, तेव्हा आजीनं दहा तारखेला डब्यातून तिळगूळ दिला वर्गात वाटायला. मी पहिल्याच बाकावरच्या मुलीला दिला, गोड बोल म्हटलं, तर ती म्हणाली, "अजून चार दिवस आहेत, हा खोटा तिळगूळ." खोटा! खाल्ला मात्र. डबा तसाच परत आणला तर आजी म्हणाली, आमच्यापुरती आज आहे ना, झालं तर मग, आणि अर्धे लाडू मीच संपवले.

असो. तर फूला.

पहिल्याच हिवाळ्यात मी हट्टच धरला की हा सहा जानेवारीचा नाताळ बघायचाच. ॲबरडीनहून रात्रभराची मोठी बोट, बारा तासांच्या वर, त्यातले दहा मी बाथरूमच्या दाराला धरून. मग वॉल्सच्या धक्क्यावर गेलो तर एक माणूस दोरखंड गुंडाळत होता. आज नाही. उद्या? बघू. उद्या पण नाही. छोटं विमान जातं, तेही नाही. बेटावर बोटीचा धक्का आहे पण आडोसा असा नाहीच, म्हणून दर फेरीनंतर ती बोटच यंत्रानं उचलून पाण्याबाहेर काढून ठेवतात, अशा ठिकाणी वादळात कोण उतरवणार. दुसऱ्या दिवशी ढग जरा फाटले तेव्हा लांबवर डोंगराच्या पाच टोकांची एक रेघ दिसली, नवरा म्हणाला बघितलंस ना फूला, चला. तोंडात समुद्राचं मीठ, तीन वाजून गेले की अंधार, आणि वारा असा की उघडलेलं गाडीचं दार दोघांनी मिळून ओढून बंद केलं. सहा जानेवारीची रात्र आम्ही शेटलंडमधल्याच लर्विकच्या लॉजमध्ये बिस्किटं खाऊन काढली.

परत आल्यावर आजींना म्हटलं, तुमच्या वादळानं फसवलं. त्या म्हणाल्या, सुटलात. मग ब्रेअरचं सांगितलं. 5 जानेवारी 1993, म्हणजे फूलातली नाताळची आदली सकाळ. ब्रेअर हे तेलाचं जहाज इंजिन बंद पडून शेटलंडच्या दक्षिण टोकाला खडकावर चढलं, पोटात जवळजवळ 85 हजार टन कच्चं तेल. 34 माणसं होती, सगळी हेलिकॉप्टरनं काढली. वाऱ्यानं तेलाचे फवारे उडून शेतांवर, मेंढ्यांवर. पण पुढचे कित्येक दिवस वादळ थांबलंच नाही आणि त्याच लाटांनी तेल घुसळून घुसळून पांगवून टाकलं, वाटलं होतं तसा काळा किनारा काही राहिला नाही. ज्यानं आपटलं त्यानंच धुतलं, असं म्हणून आजींनी मला सूप विचारलं. खारवून धुरावर वाळवलेल्या मटणाचं, त्यांच्या नाताळातलं. मी फक्त वास घेतला. आपल्याकडे पावसाळ्याची बेगमी असते तशीच ही, फक्त कुरडया-पापडांच्या जागी माळ्याला टांगलेली मेंढी.

आजी आता नाहीत. फूला मात्र माझ्या फोनच्या हवामानात अजून आहे, वसई, पुणे, रत्नागिरी आणि त्याखाली फूला, मुलगा विचारतो कोण आहे आपलं तिथे. आत्ता बघितलं, तिथे सकाळचे साडेआठ, म्हणजे अंधारच, आणि वारा लाल रंगात. बोट गेली नसणार.

आईला फोन केला, म्हटलं तीळ आणलेस का. लग्नानंतर आईनं बाबांचं पंचांग धरलं, आमच्या घरी संक्रांत सगळ्यांबरोबरच असते, त्यात काही वाद नाही. पण दरवर्षी दहा तारखेला ती सकाळी थोडेसे लाडू वळते, सात-आठच. विचारलं की म्हणते, काही नाही गं, गूळ चिकीचा आहे ना ते बघत होते.