शेक सुरू व्हायच्या आधी

शनिवार, रात्री

आज सिन्नरचे काका आणि पंचवटीच्या ताई येऊन गेले. दोघंही माझ्यासारख्याच घशाच्या कॅन्सरमधून उठलेले. एरवी जो येतो तो 'धीर धरा' म्हणतो आणि चहा पिऊन जातो. ताईंनी चप्पल काढता काढताच विचारलं, "दात दाखवले का?"

दाखवले. खालची किडकी दाढ काढलीय. शेकानंतर, म्हणजे रेडिएशननंतर, जबड्याचं हाड लवकर भरून येत नाही, म्हणून काढायचं ते आधीच, आणि जखम भरायला दोनेक आठवडे द्यायचे. तोंड उघडायचा व्यायाम आत्तापासूनच करा, म्हणाल्या. रोज आरशासमोर तीन बोटं उभी मावतात का बघायचं. माझी मावतात, जेमतेम.

माझ्या फाईलीत लिहिलंय: ३५ शेक, आठवड्याला पाच, सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन, म्हणजे केमोचं औषध. काकांचा हिशेब निराळा. पहिले दोन आठवडे वाटतं, एवढंच होय? मग चव जाते, लाळ आटते, तोंड येतं. आणि शेवटचा शेक झाल्यावरचे पंधरा दिवस सगळ्यात वाईट. "लोक पेढे घेऊन येतात हो, आणि आपल्याला पाणी उतरत नाही." पोटात गोळा आला. तरी बरं वाटलं, कुणीतरी खरं बोललं.

नाकातून पोटात अन्न सोडायची नळी घालायची नाही, यावर मात्र मी अडून बसलोय. काकाही अडले होते. वजन इतकं उतरलं की शेक घेताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवतात तो मास्क सैल झाला, नवा करावा लागला. ताईंनी नळी घातली, पण डॉक्टरांना विचारून रोज घोट घोट पाणी गिळत राहिल्या. गिळायचं थांबवलं तर घशाचे स्नायू आखडतात. माझं मन अजून तयार नाही. सोमवारी डॉक्टरांना विचारीन.

तंबाखूचा विषय काकांनी काढला नाही, मीही नाही. बायकोने काढला. काढणारच.

उद्या मिसळ खायची ठरलीय, तर्री मारून. आता अंगावर चार किलो चढले तरी चालतील, असं ताईंचं म्हणणं, आणि तिखट पुढे कितीतरी महिने सोसणार नाही.

सोमवारी मास्कचं माप. दाढी-मिशी काढून जायचं आणि शेवटपर्यंत तसंच ठेवायचं, नाहीतर मास्क नीट बसत नाही. मिशीचं ऐकून बायको हसली. लग्नापासून तिने मला बिनमिशीचा पाहिलेला नाही.