तीन मुलांचा अभ्यास आणि खुला डेटा
आज विशेष शिक्षणातल्या सिंगल-केस अभ्यासांचे (म्हणजे दोन-तीनच मुलांच्या वारंवार नोंदी घेऊन उपायाआधीचा आणि उपायाचा टप्पा ताडून पाहणाऱ्या अभ्यासांचे) आराखडे वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा खटकली: टप्पा कधी बदलायचा, हे आधी लिहिलेलंच नसतं. मग बेसलाइन, म्हणजे उपायाआधीच्या नोंदी, सोयीची दिसली की हस्तक्षेप (उपाय) सुरू होतो आणि परिणाम आहे त्याहून मोठा भासतो.

पहिल्या नोंदीआधीच पूर्वनोंदणी करा, म्हणजे अभ्यासाची योजना आधीच जाहीरपणे नोंदवून ठेवा. प्रत्येक टप्प्यात किमान ५ नोंदी, टप्पा बदलण्याचा नियम, मूल मध्येच गळालं तर काय, आणि प्रत्येक टप्प्यातल्या किमान २० टक्के सत्रांना नोंदी पडताळायला दुसरा निरीक्षक, एवढं त्यात हवंच. पुढे योजना बदलावी लागली तर खुशाल बदला, मुलांसोबतच्या कामात ते होणारच; फक्त तारीख आणि कारण नोंदवा. उपाय चालला नाही त्या मुलाचाही आलेख छापा. तो गाळला की पुढच्या शिक्षकाची सरळ फसवणूक होते.

डेटा खुला करताना नुसतं नाव काढून भागत नाही. वय ९, दुर्मीळ सिंड्रोम, शाळेचा प्रकार, एवढ्यावरून ओळखीचा माणूस मूल ओळखतो. वयोगट द्या, तारखेऐवजी सत्रक्रमांक द्या. व्हिडिओ नको, त्यावरून केलेल्या नोंदींचा तक्ता द्या. आणि डेटा शेअर करण्याचा मुद्दा पालकांच्या संमतिपत्रात सुरुवातीलाच घाला. मागाहून सगळ्या पालकांना गाठणं फार अवघड जातं.