पार्ट आमचा, हात तुमचा : आमची वाटचाल

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्याच एका रस्त्यावर आमचं दुकान आहे. बाहेरच्या पाटीवर अजून ‘मोटार रिवाइंडिंग’ असंच लिहिलेलं आहे, कारण ती पाटी मामांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. आत आलेल्याला मात्र आधी दिसतो काउंटर. त्यावर मिक्सरचे कपलर, पंख्याचे कंडेन्सर, कुलरचे पंप, कार्बन, वॉशर, थर्मोस्टॅट. वाइंडिंगचं मशीन मागच्या खोलीत गेलंय.

मामांनी धंदा सुरू केला तो किल्लारीच्या भूकंपाच्याही आधी. औसा, निलंगा, रेणापूर या भागांतून बोअरच्या मोटारी यायच्या. जळालेल्या कॉइल कापून काढायच्या, वेढे मोजायचे, तारेचा गेज बघायचा आणि तसंच्या तसं पुन्हा भरायचं. सबमर्सिबलला, म्हणजे बोअरमध्ये पाण्याखाली बुडवलेल्या मोटारीला, पीव्हीसी चढवलेली तार लागते, कारण ती मोटार आतूनही पाण्यानं भरलेली असते. मोनोब्लॉकला, म्हणजे जमिनीवर ठेवायच्या पंपाला, एनॅमलची तार, वर वार्निश, मग भट्टीत भाजणी. मोटारी जळायच्या त्या बहुतेक विजेच्या खोडीनं. तीन फेजपैकी एक गेला तरी मोटार बंद पडत नाही, उरलेल्या दोघांवर ओढत राहते आणि थोड्या वेळात धूर काढते. शेतकरी वैतागायचा आणि आमचं पोट भरायचं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण मोटार चालायला बोअरला पाणी लागतं. लागोपाठ पावसानं दगा दिला तशा मोटारी यायच्या कमी झाल्या. कोरड्या बोअरची मोटार भरून घेईल कोण? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत दहा टाक्या, साधारण पाच लाख लिटर. ती बातमी देशभर दाखवली गेली. आमच्यासाठी त्या उन्हाळ्याची बातमी वेगळी होती : कुलर बंद. दरवर्षी मार्चपासून दुकानात कुलरची रांग असायची. प्यायलाच पाणी नाही तर कुलरमध्ये ओतणार कुठून? शेतीचं काम गेलेलं, सीझनचंही गेलं. उरलं ते घरगुती किरकोळ : मिक्सर, पंखे, इस्त्र्या.

मी आयटीआयची इलेक्ट्रिशियन. आमच्या बॅचला मुली मोजक्याच होत्या. लग्नानंतर मी दुकानात बसायचे ते हिशेबाला, आणि हिशेबातच मला आमचं दुखणं सापडलं. ‘पंखा हळू फिरायलाय’ असा फोन आला की पोरगा गाडी काढायचा. पेट्रोल, तासभर वेळ, वर जाऊन चाळीस-पन्नास रुपयांचा कंडेन्सर बदलायचा. दीडशे रुपये मागितले की गिऱ्हाईक म्हणणार, ‘पाच मिनिटांचे दीडशे?’ त्याचंही चूक नाही आणि आमचंही नाही. अशा कामात कुणालाच परवडत नव्हतं. आणि तेवढ्या वेळात दुकानात वॉशिंग मशीनची मोटार तशीच पडून असायची, जिच्यात खरी मजुरी होती.

तेव्हा मी मामांना म्हटलं, ही बारीक कामं गिऱ्हाइकालाच करू द्या. आपण पार्ट विकू आणि कसा बसवायचा ते काउंटरवर दाखवू. मामांचं पहिलं वाक्य अपेक्षेप्रमाणेच होतं : ‘शिकवलंस तर उद्या तो येईल कशाला?’ दुसरं मात्र अपेक्षित नव्हतं. म्हणाले, ‘शिकवायचंच असेल तर आधी शॉक कसा बसतो ते शिकव. पंखा नंतर.’

ती अट आजही आमच्याकडे चालते. महिन्यातून एका रविवारी आम्ही वर्ग घेतो, फुकट. पहिला तासभर कुणीही काहीही उघडत नाही. तीन पिनांपैकी जाड पिन कशासाठी, घरातलं अर्थिंग खरं आहे की नुसती हिरवी तार लोंबकळतेय, आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लाइन तोडणारं बटण, का बसवायचं, एवढंच. हा विषय कंटाळवाणा वाटतो खरा, पण आमच्या भागात लोखंडी पत्र्याचे कुलर घरोघर आहेत. ओली फरशी, अनवाणी पाय, बॉडीला लागलेली एक सोललेली तार. उन्हाळ्यात कुलरच्या शॉकनं माणसं जातात, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. तरी पाणी भरताना पिन काढायचा कंटाळा करणारे आहेतच. नुसतं बटण बंद करून भागत नाही, बोर्डातून पिन ओढून बाहेर ठेवायची.

काउंटरचे पहिले खरे गिऱ्हाईक ठरले ट्यूशन एरियातले, म्हणजे लातूरच्या क्लासेसच्या भागातले, विद्यार्थी. नांदेड, परभणी, बीड, कुठून कुठून आलेली मुलं, खोल्या भाड्याच्या, खिशात पैसा बेताचा. मार्च लागला की पोरं माळ्यावरचा कुलर काढणार आणि लगेच दुकानात : ‘ताई, पंप गेला.’ दहातल्या कित्येक वेळा पंप गेलेला नसतो. गेल्या जूनमध्ये कुलर ठेवताना पाणी तसंच सुकलेलं असतं, त्याचे क्षार आतल्या पंख्यावर बसून तो अडकलेला असतो. खालची जाळी काढा, पंखा बोटानं फिरवा, क्षार ब्रशनं घासा, पंप बादलीत बुडवून चालवून बघा. चालला तर परत घेऊन जा, पैसे नाहीत. एका पंपाची विक्री जाते, पण तोच मुलगा पुढं कुलरचं गवत, इस्त्रीची वायर, टेबल फॅनचं बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) आमच्याकडूनच नेतो आणि खोलीतल्या बाकीच्यांनाही पाठवतो.

क्षारांचं आणखी थोडं सांगते, कारण आमच्याकडची निम्मी दुरुस्ती पाण्याशीच येऊन थांबते. बोअरचं पाणी जड. कुलरमध्ये पाण्याची वाफ होते, क्षार मागं राहतात. रोज वरून भर घातली की टाकीतलं पाणी दिवसेंदिवस अधिकच खारट होत जातं आणि गवतावर, हनीकोंबवर (गवताऐवजी लावतात त्या जाळीदार पॅडवर) पांढरं कवच चढतं. मग हवा कमी, वास जास्त. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करायला हवी. ‘पाणी वाया जातं’ म्हणणाऱ्याला मी सांगते, तेच पाणी संडासाला वापरा. गिझरचंही तेच. एलिमेंटवर क्षारांचा थर बसला की उष्णता पाण्यात जात नाही, एलिमेंट आतल्या आत तापून फुटतं. टाकीत मॅग्नेशिअमची एक कांडी असते, ती स्वतः झिजते आणि टाकीला गंजू देत नाही. ती वर्षाकाठी तपासायची असते, हे गिझर विकणारे क्वचितच सांगतात. आमच्याकडे तर गिझर आला आणि कांडी झिजून नुसती तार उरली, हे नेहमीचंच.

मिक्सर हा घरच्या घरी शिकायला सगळ्यात चांगला. एकदम बंद पडला तर आधी उलटा करून तळाचं लाल बटण दाबा. जास्त लोड आला की ते ओव्हरलोडचं बटण सुटतं. थोडं थांबून दाबलं की मिक्सर पूर्ववत. मोटार फिरते पण पातं फिरत नाही, तर कपलर, म्हणजे मोटारीचं फिरणं भांड्यातल्या पात्याला देणारा तुकडा, गेला. तो काढताना एक गोष्ट लक्षात ठेवायची : बऱ्याच मॉडेलना उलटे आटे असतात, नेहमीच्या सवयीनं फिरवलं तर आणखी घट्ट बसतो. आत ठिणग्या दिसतात, जळका वास येतो, तर कार्बन, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे, झिजले. दोन्ही एकदम बदलायचे, एकच बदलून पैसे वाचत नाहीत. आणि भांड्याखाली काळपट ओघळ दिसायला लागला तर बुश गेलंय. तसंच दामटत राहिलात तर चटणी मोटारीत उतरते, मग कपलरच्या पैशात भागत नाही, मामांच्या मागच्या खोलीचं बिल होतं. वर्गाला येणाऱ्या बायका या कामात पुरुषांपेक्षा लवकर तयार होतात, असं माझं निरीक्षण आहे. मिक्सरचा आवाज रोज कान देऊन त्याच ऐकतात.

पंख्याचं म्हणाल तर लोक एक भलतीच युक्ती करतात. २.५ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरनं पंखा ठीक फिरत असतो, पण जास्त वारा हवा म्हणून कुणीतरी ४ चा बसवायला सांगतं. वारा थोडा वाढलेला वाटतो, वाइंडिंग मात्र तापत राहतं. आम्ही छापील आकडा बघूनच देतो. मागितला तरी मोठा देत नाही.

तपासणीसाठी मामा अजून सिरीज बोर्डच वापरतात : वस्तूच्या आधी एक बल्ब. बल्ब लागलाच नाही तर आत तार तुटलेली, मंद लागला तर बहुधा ठीक, पूर्ण लागला तर शॉर्ट. पण इस्त्रीला हा बोर्ड फसवतो. हजार वॅटच्या इस्त्रीचा रोध ५० ओहमच्या आसपास, १०० वॅटच्या बल्बचा त्याच्या दहापट, त्यामुळं इस्त्री धडधाकट असली तरी बल्ब जवळजवळ पूर्ण लागतो. म्हणून नवख्यांना मी मल्टिमीटर घ्यायला लावते, आणि तोही पिन बोर्डाबाहेर असतानाच लावायचा. मामांना ते पटत नाही. त्यांचा कान आणि तो बल्ब मिळून जे सांगतात ते माझा मीटर नेहमी सांगतोच असं नाही, हेही खरं.

काही गोष्टी आम्ही घरी उघडू देत नाही. मायक्रोवेव्हच्या आतल्या कंडेन्सरवर दोन हजार व्होल्टच्या पुढचा दाब असतो आणि पिन काढल्यावरही तो काही वेळ टिकतो. त्याचे पार्ट काउंटरवरून मिळणार नाहीत. फ्रिजचं गॅसचं काम नाही, कारण हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमधला आर-६००ए पेटणारा आहे. फ्रीझरमधला बर्फ सुरीनं टोकरू नका, हे मात्र सगळ्यांना सांगतो. पत्र्याला भोक पडलं की गॅस निघून जातो. गॅस गिझरला आम्ही हातच लावत नाही. आणि बादलीत टाकायचा हिटर रॉड बिघडला की तो दुरुस्त करत नाही, फेकायला सांगतो. नवा घेताना आयएसआय मार्क बघायचा. विद्यार्थी नाराज होतात. होऊ देत.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये ट्यूशन एरिया एका रात्रीत रिकामा झाला आणि आमचं मुख्य गिऱ्हाईक घरी गेलं. दुकान बंद. फोन मात्र वाजत राहिले. व्हिडिओ कॉलवर मी लोकांना पंखे, मिक्सर उघडायला लावत होते, आधी मेन बंद केल्याचं कॅमेऱ्यात दाखवायला सांगून. पैसे कुणाकडून घेतले नाहीत, घेणार तरी कसे? दुकान उघडलं तेव्हा तीच माणसं पार्ट घ्यायला आली. आता गावोगावच्या छोट्या मेकॅनिकांनाही आम्ही माल देतो. माल हैदराबादच्या ट्रूप बाजारातून येतो, काही मुंबईच्या लोहार चाळीतून.

नवी अडचण वेगळीच आहे. २०२३ पासून पंख्याला स्टार लेबल सक्तीचं झालं आणि बीएलडीसी, म्हणजे कार्बन नसलेल्या, सर्किटवर चालणाऱ्या मोटारीचे पंखे वाढले. ७५ वॅटच्या जागी ३० वॅटच्या आसपास, वीजबिलाला चांगलेच. पण त्यात कंडेन्सर बदलून काम होत नाही, आत सर्किटचं कार्ड असतं. ते गेलं की अख्खं बदला, आणि ते त्या कंपनीचंच लागतं. केंद्र सरकारनं २०२२ च्या डिसेंबरमध्ये ‘राइट टू रिपेअर’चं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल आणलं. दुरुस्तीची माहिती आणि सर्व्हिस सेंटर तिथं बघायला मिळतात, हे बरंच झालं. माझ्यासारखीला त्यापेक्षा हवंय ते एवढंच की सुटं कार्ड काउंटरवर ठेवायला मिळावं आणि त्याची किंमत नव्या पंख्याच्या निम्मी नसावी. सध्या माझा नवरा जळालेल्या कार्डांवर सोल्डरिंग गन घेऊन बसतो. काही उठतात, काही उठत नाहीत.

दुकान रविवारी बंद, वर्गाचा रविवार सोडून. येताना जुना पार्ट सोबत आणा. तो आणता येत नसेल तर वस्तूच्या मागच्या किंवा तळाच्या पट्टीचा फोटो काढा, मॉडेल आणि वॅट दिसतील असा. नुसतं ‘मिक्सरचा कपलर द्या’ म्हणालात तर मी तुमच्यापुढं अख्खा डबाच ओतणार आहे.