आधी शर्ट, मग सनस्क्रीन

दिवाळीनंतर माझ्या पार्लरात येणाऱ्या बायांच्या कपाळावर एक सरळ रेघ दिसते. रुमाल जिथवर बांधलेला होता तिथवर मूळ रंग, त्याच्या खाली गालाचं हाड आणि नाकाचा शेंडा पार रापलेला. कापूस वेचणीची ही खूण आहे. माझं गाव अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारट असलेल्या भागात. इथल्या बाया पावसाळ्यात निंदणाला, ऑक्टोबरपासून वेचणीला, मग तूर-हरभऱ्याला वावरात असतात. खुर्चीवर बसल्या की पहिला प्रश्न ठरलेला: "बाई, तोंड कायं पडलं वो. थोडंसं उजळंल काय?"

मी त्यांना आधी हे सांगते की रापलेली कातडी आजारी नसते. ऊन लागलं की कातडी स्वतःला वाचवायला जास्त रंग तयार करते, आणि ऊन कमी झालं की काही आठवड्यांत तो बराचसा उतरतो. फेशियल मी करते, माझा धंदाच तो आहे. पण त्यानं चेहरा स्वच्छ आणि ताजा दिसतो, रापलेपणा एका बैठकीत जात नाही. घासून काढायला गेलं तर आग होते आणि त्या जागी उलट जास्त काळा डाग उरतो. म्हणून लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट यातलं काहीही तोंडावर चोळू नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होऊन फोडसुद्धा येतात.

मोबाईलवर सनकेअरच्या टिपा बघणाऱ्या पोरी गावात कमी नाहीत. त्या टिपा बहुतेक एसीत बसणाऱ्या, दुपारी जेवायला बाहेर पडणाऱ्या बाईसाठी असतात. आपल्याकडे सकाळपासून वावरात वाकून काम असतं, आणि मे महिन्यात अकोला-अमरावतीकडे पारा ४५च्या आसपास जातो. आपली टीप कपड्यापासून सुरू व्हायला पाहिजे.

आपल्या आयांनी ती टीप कधीच शोधून ठेवली आहे: लुगड्यावरून घातलेला नवऱ्याचा जुना, फुल बाहीचा शर्ट. काही नव्या सुनांना त्याची लाज वाटते. त्यांना मी हात पुढे करायला सांगते आणि दाखवते, मनगटापर्यंतचा रंग बघा आणि पंजाचा बघा. इतकं काम कुठलीही ट्यूब करत नाही, आणि शर्ट दर दोन तासांनी पुन्हा लावावा लागत नाही. फक्त तो शर्ट कसा हवा ते लक्षात ठेवा. घट्ट विणीचा, गडद रंगाचा कपडा ऊन जास्त अडवतो. धुऊन धुऊन विरलेला पांढरा सुती शर्ट कमी अडवतो, आणि घामानं भिजला की आणखी कमी. कपडा उजेडाकडे धरून बघा, आरपार दिसत असेल तर ऊनही आरपार येतं. डोक्याचा रुमाल पुढे काढून कपाळावर पदराचा किंवा टोपीचा छज्जा करा. निव्वळ बांधलेल्या रुमालानं नाक आणि गाल उघडेच राहतात.

वेळेचा हिशोब सोपा आहे. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडली की ऊन कडक. सावली लांब असते तोवर जमेल तितकं काम उरकायचं. मजुरीवर जाणाऱ्या बाईला वेळ निवडता येत नाही हे मला माहीत आहे. तिनं निदान भाकर खायला बांधावरच्या बाभळीखाली किंवा कडुलिंबाखाली बसावं, वावरात उघड्यावर नाही.

आता सनस्क्रीन. ही चैन आहे असं मी म्हणणार नाही, पण एका चांगल्या ट्यूबला एखाद-दोन दिवसांची मजुरी लागते. म्हणून पैसे वाया जाऊ नयेत एवढं तरी कळलं पाहिजे. डब्यावरचा एसपीएफ हा आकडा कातडी भाजणाऱ्या किरणांसाठी असतो. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के किरणं अडवतं, ५० साधारण ९८ टक्के. म्हणजे आकड्यामागे फार पळण्यात अर्थ नाही, ३० ते ५० पुरे. दुसरी किरणं खोलवर जातात, डाग आणि सुरकुत्या आणतात, ढगांतून आणि काचेतूनही येतात. त्यांच्यासाठी डब्यावर पीए आणि पुढे अधिकची चिन्हं असतात. तीन किंवा चार चिन्हं असलेली ट्यूब घ्या.

हा आकडा मिळतो तो भरपूर लावल्यावरच. चेहरा आणि मान मिळून पहिल्या दोन बोटांच्या लांबीच्या दोन पट्ट्या लागतात. आपल्या पोरी वाटाण्याएवढं घेऊन पूर्ण तोंडाला फासतात आणि मग म्हणतात, काही फरक नाही. बाहेर पडण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा. घामाच्या कामात दर दोन तासांनी पुन्हा लावायला सांगतात, आणि वेचणीच्या ओळीत ते कुणालाच जमत नाही. म्हणून मी असं करवते: कपड्यानं झाकता येईल ते सगळं कपड्यानं झाकायचं, आणि ट्यूब फक्त उघड्या राहणाऱ्या जागांना, म्हणजे नाक, गालाची हाडं, कान, मानेचा मागचा भाग आणि पंज्याची वरची बाजू. जेवणाच्या सुट्टीत तोंडावरचा घाम टिपून तेवढ्याच जागी पुन्हा एक हात. ट्यूब दुप्पट दिवस पुरते. लहान ट्यूब डब्याच्या पिशवीत, भाकरीजवळ, सावलीत ठेवा. स्कूटीच्या डिकीत तापली की ती खराब होते.

दर्यापूरला कॉलेजात किंवा बँकेत जाणाऱ्या पोरी स्कार्फ बांधून फक्त डोळे उघडे ठेवतात. पद्धत उत्तम आहे. मात्र तोच स्कार्फ आठवडाभर न धुता बांधला तर घाम आणि धूळ हनुवटीवर दिवसभर दाबून राहते आणि बारीक पुटकुळ्या येतात. दोन स्कार्फ ठेवा, रोज एक धुवा. डोळ्यांभोवतीच्या पट्ट्याला सनस्क्रीन हवंच.

वांगाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या खुर्चीवर सर्वात जास्त रडू याच्यामुळेच येतं. दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी चट्टे येतात, गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांच्या दिवसांत जास्त. त्यात ऊन आणि चुलीची धग दोन्ही भर घालतात. नुसत्या दिसणाऱ्या उजेडानंही वांग वाढतो, आणि साधं पारदर्शक सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही. म्हणून वांग असलेल्या बाईनं कातडीच्या रंगाचं, टिंट असलेलं सनस्क्रीन घ्यावं. त्यात लोहाचे ऑक्साइड असतात, ते हा उजेड अडवतात, आणि डागही झाकला जातो. फाउंडेशनचे पैसे वाचतात.

पण बाया वांगावर काय लावतात? औषधाच्या दुकानातून मागितलेलं "गोरं व्हायचं" मलम. एक मावशी मला म्हणाल्या, "पोरी, थे लावलं तं तोंड भल्ली गोरं दिसते, अन् सोडलं तं आग होते." हे ऐकलं की मला कळतं की मलमात स्टिरॉइड आहे. ट्यूबच्या मागे बघा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं एखादं नाव असेल तर ते रोग बरा करायचं औषध आहे. काही मलमांत रंग उतरवणारं हायड्रोक्विनोन आणि कातडीची सालं काढणारं ट्रेटिनॉइनही मिसळलेलं असतं. डॉक्टर ते ठरावीक दिवसांसाठी देतात. रोज पावडरसारखं लावलं तर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुटकुळ्या येतात, गालावर लव वाढते, आणि उन्हात उभं राहवत नाही. सरकारनं २०१८ मध्ये अशी बरीच स्टिरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी ती मागितली की मिळतात. कुणी महिनोन्महिने लावत असेल तर एकदम सोडूनही त्रास उसळतो. अशा वेळी माझ्याकडे फेशियलला येऊ नका, जिल्हा रुग्णालयात त्वचेच्या डॉक्टरकडे जा आणि ट्यूब सोबत न्या.

दुसरं भय पाऱ्याचं. आपल्या शेजारच्या अकोल्यातली बातमी २०२३ मध्ये आली होती. एकाच घरातल्या मायलेकींनी गोरेपणाचं क्रीम लावलं आणि तिघींच्या किडनीला इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासलं तेव्हा त्या क्रीममध्ये पारा निघाला. कायद्यानं अशा क्रीममध्ये चुकून राहिलेला पारासुद्धा दहा लाख भागांत १ भागापेक्षा जास्त चालत नाही. पारा रंग बनू देत नाही, म्हणून आठ-पंधरा दिवसांत चेहरा खरोखर उजळतो, आणि कातडीतून रक्तात जाऊन किडनीवर बसतो. ज्या डबीवर कंपनीचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटकांची यादी नाही, ती डबी बाजारात, जत्रेत, मैत्रिणीच्या पर्समध्ये कुठेही दिसली तरी लावू नका. माझ्याकडे पोरी अशा डब्या दाखवायला आणतात. मी त्यांना हात जोडून सांगते, पोरी, सावळीच राहा, पण धड राहा.

टिकलीचंही सांगायचं आहे. कपाळाच्या मधोमध टिकलीएवढा पांढरा ठिपका आला की घरात कोड म्हणून रडारड सुरू होते, लग्न जमायची असतील तर विचारूच नका. पुष्कळदा ते टिकलीच्या गोंदातल्या रसायनामुळे असतं, त्या जागेचा रंग मरतो. खाज, लाली दिसली की टिकली लगेच बंद करा आणि डॉक्टरला दाखवा. रोज रात्री टिकली काढून कपाळ धुवा. मेणावर कुंकू लावायची आजीची पद्धत चांगली आहे, पण बाजारातल्या स्वस्त कुंकवातल्या रंगानंही काळा डाग पडतो. हळदीपासून केलेलं कुंकू विश्वासाच्या ठिकाणाहून घ्या. आणि तो ठिपका खरंच कोड निघाला तरी ते कुणाला लागत नाही, शिवल्यानं पसरत नाही, त्या पोरीत काही कमी नाही.

रोजच्या मेकअपबद्दल माझं मत थोडक्यात. पांढरी टाल्कम पावडर घामाच्या तोंडावर थापू नका, तासाभरात ओघळ पडतात. कॉम्पॅक्ट घ्यायची तर दुकानाच्या ट्यूबलाइटखाली घेऊ नका. जबड्याच्या कडेला लावून दुकानाबाहेर उजेडात बघा. जो रंग दिसेनासा होतो तो तुमचा. एक शेड उजळ घेतली की तोंड राखेचं दिसतं आणि मान वेगळी. सावळ्या रंगाला विटकरी, मरून, पिकल्या जांभळासारखा रंग ओठावर फार शोभतो, फिकट गुलाबी टाळा. टिनाच्या घरात मे महिन्यात लिपस्टिक वितळते. स्टीलच्या डबीत घालून माठाशेजारी ठेवा. काजळ दुसरीचं वापरू नका. सुटा सुरमा तर नकोच, त्यात शिसं असू शकतं. तान्ह्या लेकराच्या डोळ्यात तर काजळही नको.

केस धुणं हा खारपाणपट्ट्यातला मोठा प्रश्न आहे. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, केसांवर चिकट थर राहतो, आणि वाळल्यावर ते झाडूसारखे उभे राहतात. अंगाचा साबण किंवा कपड्याची पावडर केसांना कधीच लावू नका, शाम्पूची एक रुपयाची पुडी त्यापेक्षा बरी. शिकेकाई उकळून घेतली तर आणखी बरं, ती आंबट असते, थर सुटतो. बोअरच्या पाण्यानं धुवा, पण शेवटचे दोन तांबे शहानूर धरणाच्या नळाचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी घ्या. पावसाळ्यात पत्र्यावरचं पहिलं पाणी जाऊ द्यायचं आणि नंतरचं टाकीत धरायचं. माझ्या पार्लरात नववधूचे केस मी याच पाण्यानं धुते.

उभे राहणारे केस बसवायला महागडं जेल लागत नाही, आपल्या वऱ्हाडात जवस आहे. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात सात-आठ मिनिटं उकळा, पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार धरू लागलं की उतरवा आणि गरम असतानाच सुती कपड्यातून गाळा. थंड झालं की गाळताच येत नाही. ओल्या केसांवर हातानं फिरवून वेणी घाला, बारीक केस दिवसभर बसून राहतात. फ्रिज नसेल तर थोडंच करा, दुसऱ्या दिवशी वास येतो.

वावरात जाताना वेणी सैल घाला. केस ओढून बांधलेला घट्ट अंबाडा आणि त्यावर रोज चुंबळ आणि कापसाचं गाठोडं, यानं कपाळावरचे केस मागे सरकत जातात. सुरुवातीला सैल केलं तर परत येतात, वर्षानुवर्षं ओढले तर येत नाहीत. ओले केस बांधून रुमाल घट्ट आवळू नका, आत वास आणि कोंडा होतो. भांगाची जागाही उन्हानं पोळते, भांग अधूनमधून बदला.

केस एकदम मुठीनं निघू लागले तर तेल बदलत बसू नका. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस काही दिवसांत गळाले, आणि आपल्याकडे फोनवर टक्कल पाडणाऱ्या विषाणूची अफवा फिरली. काही बायांनी त्या भीतीनं घरचं पाणी वापरणं बंद केलं. पुढे महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातलं जास्तीचं सेलेनियम नावाचं खनिज हे कारण मांडलं. तोंडातून खाल्लेल्या गोष्टीवर डोक्याला लावलेलं तेल काय करणार? प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, रक्त तपासू द्या.

आता लग्नसराई येईल आणि केस काळे करायला गर्दी होईल. काळ्या डायमध्ये, आणि "काळी मेहंदी" म्हणून मिळणाऱ्या पुडीतही, बहुतेक पीपीडी नावाचं रसायन असतं. काहींना त्यानं कपाळ, पापण्या, कान सुजून येतात. दर वेळी लावून चाललं म्हणून यंदाही चालेल असं नसतं. त्यामुळे लग्नाच्या आदल्या दिवशी डाय मागायला येऊ नका, मी लावणार नाही. तीन-चार दिवस आधी या, कानामागे थोडा लेप लावून देते, दोन दिवस बघा, खाजलं नाही तर मग बसा खुर्चीवर.