पाटीवरचा नंबर

फ्रान्सच्या नैऋत्य किनाऱ्यावर लांद नावाचा भाग आहे, तिथे मी सायकल टूरवर स्वीपचं काम करते. स्वीप म्हणजे सगळ्यात मागे राहणारी गाइड. पंक्चर काढायचं, वाळूने करकरणारी चेन पुसून तेल द्यायचं, कोणाला धाप लागली तर त्याच्यासोबत थांबायचं, आणि आपलं एकही माणूस माझ्या मागे राहू द्यायचं नाही. मला हे काम मनापासून आवडतं कारण मागे राहिलं की रस्ता नीट दिसतो.

रस्ता म्हणजे वेलोदिसे. ब्रिटनीतल्या रॉस्कॉफपासून स्पेनच्या हद्दीवरच्या आँदायपर्यंत अटलांटिकच्या कडेकडेने बाराशे किलोमीटरच्या वर जाणारा सायकल मार्ग. त्यातला लांदचा पट्टा बहुतेक सगळा पाइनच्या जंगलातून जातो, एका बाजूला वाळूच्या टेकड्या, त्यांच्या पलीकडे समुद्र, जो दिवसभर ऐकू येतो पण दिसत मात्र क्वचितच. चढ अगदी किरकोळ, गाड्या नाहीत, त्यामुळे साठीच्या आसपासची मंडळी निवांत येतात.

ही गोष्ट ज्या टूरची आहे, त्या ग्रुपमध्ये सगळे मराठीच होते आणि त्यात एक काकू होत्या. काकू दर पाच मिनिटांनी थांबायच्या. शेवाळ, मुंग्यांचं वारूळ, वाळू धरून ठेवणारं ओयाचं गवत, कशाचाही फोटो. ग्रुपमधल्या काही जणांना ते खटकत होतं, रात्री जेवताना अ‍ॅव्हरेज स्पीडचा विषय निघायचा आणि एकाने तर मला बाजूला घेऊन सुचवलंही की काकूंना सामानाच्या व्हॅनमधून पाठवू या का. मी सरळ नाही म्हटलं. अशा रस्त्यावर येऊन अ‍ॅव्हरेज मोजणं मला पटतच नाही, वेगच हवा तर त्यासाठी दुसरे हजार रस्ते आहेत.

ज्या दिवसाबद्दल सांगायचंय त्याच्या दोनच दिवस आधी आम्ही पिलाच्या टेकडीवर होतो. युरोपातली सगळ्यात उंच वाळूची टेकडी, साधारण 100 मीटर, आणि ती दर वर्षी थोडी थोडी पूर्वेला सरकत जंगल गिळत चाललीये. वरून खाली बघितलं की ला तेस्तचं जंगल दिसतं, म्हणजे जे उरलंय ते. जुलै 2022 मध्ये तिथे वणवा लागला आणि सुमारे 7000 हेक्टर जंगल गेलं, त्याच दिवसांत आत लांदिरासला दुसरा मोठा वणवा पेटला, दोन्ही मिळून 20000 हेक्टरच्या वर. टेकडीच्या पायथ्याचे कॅम्पिंगचे तळही जळाले. आता तिथे नेचे आणि पाइनची रोपं वर आलीत पण मोकळं आभाळ अंगावर येतं. काकू तिथे बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मोबाइलही काढला नाही.

तर त्या दिवशी आम्ही मिमिझाँच्या बीचवरून काँतिसकडे निघालो होतो. आदल्या रात्री विजा खूप झाल्या होत्या पण पाऊस नावालाच, आणि सकाळपासून ऊन असं की झाडावरची सुकलेली कोनं, म्हणजे पाइनची शंकूसारखी फळं, तडतड उघडत होती. हा आवाज पहिल्यांदा ऐकणारा माणूस दचकतोच, मग वर बघत उभा राहतो. पुढचा ग्रुप कधीच दिसेनासा झाला होता, मागे मी आणि काकू.

एका चौरस्त्याजवळ काकू पुन्हा थांबल्या. एक म्हातारा पाइन होता, खोडावर खांद्यापासून गुडघ्यापर्यंत तळव्याएवढी रुंद खाच, आणि खाचेच्या दोन्ही कडांनी साल ओठांसारखी जाड होऊन आत वळलेली. काकू म्हणाल्या, "हे काय गं, वीज पडलीये का?" म्हटलं, "नाही काकू, ही माणसाने केलेली जखम आहे, राळ काढायची." इथला हा मोठा धंदा होता. राळ काढणारा माणूस खास वाकड्या पात्याच्या कुऱ्हाडीने खाच पाडायचा, काही दिवसांनी पुन्हा थोडी वर ताजी करायचा, आणि खाली टांगलेल्या मातीच्या भांड्यात राळ ठिपकायची. आधी तर राळ झाडाच्या बुडाशी वाळूतल्या खड्ड्यातच गोळा करायचे, पिएर ह्यूग नावाच्या माणसाने 1844 मध्ये भांड्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि स्वच्छ राळ मिळायला लागली. तिचं टर्पेंटाइन व्हायचं. 1990 च्या आसपास हा धंदा संपला.

काकूंना हे जंगल मुळात माणसांनी लावलंय हे ऐकून तर नवलच वाटलं. किनाऱ्यावर सरकती वाळू आणि आत दलदल, मेंढपाळ उंच काठ्यांवर उभं राहून मेंढ्या राखायचे असा हा मुलूख. वाळू थोपवायला पाइन लावणं अठराव्या शतकाच्या शेवटी सुरू झालं होतं, मग 1857 च्या कायद्याने आतल्या गावांना पाणी काढून झाडं लावणं भागच पडलं, आणि त्यातून साधारण 10 लाख हेक्टरचं जंगल झालं. मेंढपाळांची कुरणं त्यात गेली हेही मी नेहमी सांगते, नाहीतर गोष्ट अर्धीच राहते. काकूंनी खाचेवर बोट फिरवलं, फोटो काढला, आम्ही निघालो.

जेमतेम पाच मिनिटं गेली असतील, काकूंनी ब्रेक मारला. "अगं, वास येतोय."

मला राळेचाच वास येत होता, ऊन तापलं की तो असा येतो की घशाला जाणवतो.

"राळेचा नाही, जळकट आहे. चुलीत ओली पानं घातल्यासारखा."

मग मलाही आला. आणि डावीकडे, रस्त्यापासून चाळीसएक मीटर आत, एका झाडाच्या बुडाशी धुराची बारीक रेघ दिसली. ज्वाळा नाही, काही नाही. एवढंसं बघून माणसाला वाटतं की जावं आणि बाटलीतलं पाणी ओतावं, पण ते करायचं नसतं. पाइनच्या सुयांचा थर आतल्या आत धुमसत लांब पसरलेला असू शकतो आणि भोवती आजों नावाची काटेरी झुडपं असतात, ती पेटली की भडकाच उडतो. मी काकूंना सायकल आलो त्या दिशेला वळवायला सांगितली आणि 112 ला फोन लावला.

पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, नेमक्या कुठे आहात? मी मिमिझाँ आणि काँतिसच्या मध्ये सांगितलं, मोबाइलवरचे अक्षांश रेखांश वाचून दाखवले. त्या म्हणाल्या ठीक, पण सगळ्यात जवळची फायरच्या गाड्यांची वाट कुठली? आणि खरी अडचण तिथेच असते. झाड कुठे आहे ते जीपीएस सांगतं, पण पाण्याने भरलेली जड गाडी मऊ वाळूतून वाट्टेल तिथून नेता येत नाही, तिला वणव्यासाठी राखलेल्या वाटेनेच यावं लागतं. या वाटांना नंबर असतात, चौरस्त्यावर पाटी असते. मागच्या चौरस्त्यावर पाटी होती एवढं मला आठवत होतं. नंबर नाही. आणि आजूबाजूला नुसते पाइन, सगळे एकसारखे, ओळीने लावलेले.

काकूंना फ्रेंच कळत नाही, पण मी मागे वळून बघतेय हे त्यांनी पाहिलं. "काय पाहिजे गं?"

"त्या चौरस्त्यावरच्या पाटीचा नंबर."

त्यांनी मोबाइल काढला, राळेच्या झाडाचा फोटो दोन बोटांनी मोठा केला. खोडाच्या उजव्या बाजूला, मागे, छोटीशी पाटी, आणि तिच्यावरचा आकडा स्वच्छ वाचता येत होता. मी तो फोनवर सांगितला, बाईंनी पुन्हा उच्चारून खात्री केली आणि म्हणाल्या, चौरस्त्यावर जाऊन थांबा, धुराकडे जाऊ नका.

आम्ही परत गेलो. एक जर्मन कुटुंब आलं, मागे लहान मुलाची ट्रेलर, त्यांना थांबवलं. काकूंनी हातानेच खुणा करून धूर, आग, थांबा असं इतकं व्यवस्थित समजावलं की मला काही बोलायची गरजच पडली नाही. मग लाल गाडी त्या वाटेने धुरळा उडवत सरळ आमच्यापर्यंत आली. मला त्या क्षणी रडू आलं, खरंच.

काम फार वेळ चाललं नाही पण जे पाहिलं ते लक्षात राहिलं. त्या झाडाची साल शेंड्याकडून बुडापर्यंत एका पट्टीत सोललेली होती, आदल्या रात्रीची वीज. आग सुयांच्या थराखाली, मुळांच्या कडेने सरकत होती. त्यांनी कुदळीने थर उकरला, पाणी मारलं, पुन्हा उकरलं, आणि मग एकाने ग्लोव्ह काढून हाताची मागची बाजू जमिनीजवळ धरत धरत सगळा भाग तपासला, जिथे ऊब लागली तिथे परत पाणी. वारा संध्याकाळी समुद्रावरून वाढतो, त्याआधी कळलं हे बरं झालं, असं त्यांच्यातला वयस्कर होता तो म्हणाला. त्याला फोटो बघायचा होता. काकूंनी दाखवला, तर तो पाटीकडे न बघता खाचेकडेच बघत राहिला आणि म्हणाला, माझे आजोबा हेच काम करायचे. मी काकूंना मराठीत सांगितलं, काकूंनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

काँतिसला पोचलो तेव्हा ग्रुप लाइटहाउसखाली बसला होता, गोल गोल वर चढत जाणाऱ्या काळ्या पांढऱ्या पट्ट्यांचं, 1863 चं ते लाइटहाउस. उशीर का झाला ते काकूंनीच सांगितलं, मी सायकलच्या चेनमधली वाळू काढत बसले.

तेव्हापासून माझ्या सकाळच्या ब्रीफिंगमध्ये एक गोष्ट वाढलीये. प्रत्येक चौरस्त्यावर जो शेवटचा असेल त्याने पाटीचा फोटो काढायचा, मी असले तरी. आणि त्या टूरचे उरलेले दिवस ते काम काकूंनी दुसऱ्या कोणालाही करू दिलं नाही.