हिरड्यांतून येणारे रक्त आणि त्यानंतरचा उपचार : माझा अनुभव

हिरड्यांचा आजार दुखत नाही, आणि त्याच्याइतका नुकसानकारक गुण दुसऱ्या कोणत्याही दंतरोगात नसावा. दाढ किडली की माणूस रात्रभर तळमळतो आणि सकाळी पहिल्या एस.टी.ने दवाखाना गाठतो. हिरडी मात्र ब्रश करताना थोडेसे रक्त देते, तोंडाला किंचित वास येतो आणि दिवस नेहमीसारखा सुरू होतो. आमच्या दापोली तालुक्यात या रक्ताकडे लक्ष देणारे लोक फार थोडे आहेत, म्हणून उपचाराची सगळी प्रक्रिया जशी घडली तशी येथे मांडत आहे.

दापोलीतील दातांच्या डॉक्टरांकडे मी एक दाढ भरून घेण्यासाठी गेले होते. त्यांनी तोंड पाहिले आणि म्हणाल्या, "काकू, दाढ भरू, पण आधी तुमच्या हिरड्या मोजू या." हिरड्या मोजतात हे मी प्रथमच ऐकत होते. त्यांच्या हातात बोथट टोकाची, मिलिमीटरच्या काळ्या खुणा असलेली बारीक सळई होती. ती दात आणि हिरडी यांच्या फटीत अलगद सरकवून त्या प्रत्येक दाताच्या सहा बाजूंचे आकडे मोठ्याने सांगत होत्या आणि मदतनीस मुलगी ते कागदावर उतरवून घेत होती: तीन, दोन, तीन, चार, पाच, सहा. तीन मिलिमीटरपर्यंतची फट निरोगी मानली जाते. मागच्या दाढांपाशी पोहोचताच आकडे पाच आणि सहाच्या खाली येईनात, आणि सळई बाहेर काढली की त्या जागी रक्ताचा थेंब उभा राहत असे. यातले काहीही मला दुखले नाही.

एक्स-रेमध्ये त्याचा अर्थ दिसला. दाढांच्या मुळांभोवतीचे जबड्याचे हाड काही ठिकाणी खाली गेले होते. कर्दे-मुरूडच्या किनाऱ्यावर पावसाळी उधाणात सुरूच्या मुळांखालची वाळू वाहून जाते आणि झाड मात्र बरेच दिवस ताठ उभे दिसते, तशीच माझ्या दाढांची अवस्था होती. आजार केवळ हिरडीच्या सुजेपुरता असेल तर नीट स्वच्छतेने तो पूर्ण बरा होतो. परंतु एकदा हाड झिजले की नेहमीच्या उपचाराने ते परत मिळत नाही, पुढची झीज तेवढी थांबवता येते. जुनी माणसे ज्याला पायोरिया म्हणतात तो हाच दुसरा टप्पा.

याचे मूळ कारण दातांवर रोज साचणारा जिवाणूंचा चिकट थर हे आहे. तो वेळेवर निघाला नाही तर लाळेतील क्षार बसून त्याचे कीटण होते, आणि कीटण कोणत्याही ब्रशने निघत नाही. डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो या संशोधकाने 1965 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या तरुणांना दात घासणे पूर्ण थांबवायला लावले होते. तीन आठवड्यांच्या आत त्या सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि दात पुन्हा स्वच्छ होऊ लागल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. हिरड्यांतून रक्त येते म्हणून तिथे ब्रश लावायचे टाळणे किती उलटे आहे, हे यावरून कळावे.

डॉक्टरांनी पुढे दोन गोष्टी विचारल्या, ज्यांचा दातांशी संबंध असेल असे मला वाटले नव्हते. रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे, हा पहिला प्रश्न होता. कारण अम्लोडिपिनसारख्या काही गोळ्यांमुळे हिरड्या वाढू शकतात. मात्र अशी गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते, हेही त्यांनी बजावले. दुसरा प्रश्न साखरेचा होता. त्यांच्या सांगण्यावरून केलेल्या एचबीए1सी, म्हणजे रक्तातील साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या तपासणीचा आकडा 7.9 आला, म्हणजे मला मधुमेह असल्याचे दातांच्या दवाखान्यात कळले. वाढलेली साखर हिरड्यांचा आजार वाढवते आणि हिरड्यांतील जुनाट सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही, त्यामुळे दोन्ही उपचार एकाच वेळी सुरू करावे लागले.

मुळांच्या सफाईसाठी त्यांनी मला खेडला हिरड्यांच्या तज्ज्ञांकडे पाठवले. जाण्याआधी वाडीतल्या बायकांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: "वहिनी, दात साफ करून घेऊ नका, हलायला लागतात." हा समज आमच्याकडे इतका पक्का आहे की त्यापायी अनेकांचे दात गेले असतील असे मला वाटते. तज्ज्ञांनी त्याचे उत्तर नीट दिले. हाड आधीच झिजलेले असते आणि जाड कीटणामुळे दात एकमेकांना धरून राहिलेले असतात. ते काढल्यावर आधीचेच हलणे जाणवते, आणि सूज उतरून हिरडी घट्ट झाली की बऱ्याचदा ते कमी होते. फटी दिसू लागतात त्याही याच कारणाने, कारण तिथे पूर्वी कीटण आणि सूज असते.

सफाई जबड्याच्या एकेका बाजूची, भूल देऊन झाली. आधी पाण्याचा फवारा सोडणारे कंपनयंत्र फिरते, मग हिरडीखाली मुळांवर हाताच्या अवजाराने खरवडतात. भुलीमुळे दुखत नाही, परंतु खरवडल्याचा आवाज डोक्यात घुमतो. हातात दिलेल्या कापसावर काळपट हिरव्या कीटणाचा एक तुकडा त्यांनी मला दाखवला. तो खडबडीत होता आणि नखाने दाबूनही फुटला नाही. ओठाचा बधिरपणा जाईपर्यंत काही खायचे नसते, नाहीतर गाल चावला जातो. नंतर काही दिवस थंड पाणी दातांना झोंबत होते आणि तिखट कालवण बाजूला ठेवून मऊ भातावर राहावे लागले. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशक औषधाने चुळा भरायला थोड्याच दिवसांसाठी सांगितले होते, कारण जास्त काळ वापरल्यास दातांवर डाग पडतात आणि चवही बिघडते. पेस्टने दात घासल्यावर अर्धा तास थांबून मगच ते औषध घ्यावे, ही सूचना चिठ्ठीवर लिहिलेली नव्हती, तोंडी दिली होती.

वरची एक दाढ वाचली नाही. तिच्या मुळांमधले हाड गेले होते आणि ती ठेवण्याने शेजारच्या दाढेलाही धोका होता, असे तज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले. ते मला आवडले.

घरी आता मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी तिरका धरून, दोन मिनिटे, दोन वेळा दात घासते, आणि दाढांच्या फटींत बारीक बाटलीब्रशासारखा छोटा ब्रश फिरवते. या छोट्या ब्रशाचा उपयोग सगळ्यांत अधिक झाला, असे मी खात्रीने म्हणेन, कारण आजार फटीतच सुरू होतो आणि नेहमीचा ब्रश तिथे पोहोचतच नाही. सासूबाई अजूनही तव्यावर तंबाखू भाजून मशेरी लावतात. तंबाखूने हिरडी दातापासून उतरते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतो, हे मी त्यांना समजावते. निदान डॉक्टरांना तोंड दाखवायला त्या तयार झाल्या आहेत.

दर तीन महिन्यांनी खेडला जाऊन मोजणी आणि सफाई होते. पावसात तो वळणांचा रस्ता नकोसा होतो, तरी ती फेरी मी चुकवत नाही. बहुतेक फटी आता तीन-चार मिलिमीटरवर आल्या आहेत आणि एचबीए1सी 6.8 आहे. खालच्या डाव्या दाढेमागे मात्र पाचाचा आकडा तसाच आहे. तेथील हिरडी उघडून मूळ साफ करण्याची छोटी शस्त्रक्रिया करायची की नाही, हे गणपतीनंतरच्या एक्स-रेवरून ठरणार आहे.