खालची पट्टी

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

"मॅडम, तुम्हना नि मना फोटू एकच शे!"

एवढंच म्हणाला तो. आणि खुशीत म्हणाला. यात्रेत दोघांनी एकाच ठेल्यावरून एकसारखी टोपी घेतल्याचं कळलं की होते ना, तसली खुशी. मी मात्र तेव्हापासून धड जेवलेली नाही. संध्याकाळी कळण्याची भाकरी आणि ठेचा होता, तरी नाही.

घडलं ते क्रमाने लिहिते. लिहिल्याशिवाय झोप लागेल असं वाटत नाही.

बी.एड.चा सराव पाठ होता आठवीवर. प्रकल्पाचा विषय मीच दिलेला, 'आपल्या परिसरातील पाणी'. पीपीटी चौदा स्लाइडची. सहाव्या स्लाइडवर आमच्या पांझरा नदीवरची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावाने वाटून घ्यायची जुनी रीत. त्यावर एक फोटो: दगडी बंधारा, त्यावरून पडणारं पांढरंशुभ्र पाणी, मागे हिरवंगार. नेटवरून घेतलेला. खाली एक पट्टी होती, तिच्यावर त्या साइटचं नाव वगैरे. ती मी कापली. सगळेच कापतात.

तास सुरू झाला तेव्हा आधी प्रकल्प गोळा केले. तिसऱ्या बाकावरच्याने गावातल्या सायबरमधून काढलेल्या चार प्रिंट आणल्या होत्या, पिन मारून. वर तारीख, खाली पानाचा नंबर, सगळं जसंच्या तसं. मी त्या हातात धरून सगळ्या वर्गाला दाखवल्या. "हे बघा. नेटवरून प्रिंट मारून आणली म्हणजे प्रकल्प होत नाही. स्वतः करायचं असतं. उद्या पुन्हा करून आण." आवाज चढवला नव्हता मी. चढवला असता तर बरं झालं असतं. मी ते अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, जसं आम्हाला शिकवलंय तसं.

नंतर पाच मिनिटांनी सहावी स्लाइड. आणि तिसऱ्या बाकावरून ते वाक्य.

वर्ग हसला असता तर चाललं असतं. कुणी हसलं नाही. त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटलंच नाही. मॅडमनी पण तिथूनच आणलंय, मग काय. मागे बसलेल्या मार्गदर्शक मॅडम खाली मान घालून निरीक्षण तक्त्यात काहीतरी लिहीत होत्या, आणि मला वाटलं, संपलं.

नवव्या स्लाइडला लाईट गेली. पुढचं सगळं खडूफळ्यावर.

तक्ता संध्याकाळी हातात आला. 'तंत्रज्ञानाचा वापर: उत्तम.' 'विद्यार्थी सहभाग: उत्तम. एका विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रकल्पाचा पाठ्यघटकाशी आपणहून संबंध जोडला.'

मी ते तीनदा वाचलं. मला खरंच रडू आलं. चांगला शेरा मिळाल्यावर रडणारी कॉलेजात मी एकटीच असेन.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात. काय ते मलाही नीट सांगता येत नाहीये. मी काय कमी राबते का? सकाळी सव्वासहाला धुळ्याहून निघायचं. एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर काळीपिवळीत पाठीला पाठ लावून कुसुंबा, नेर करत. मांडीवर लॅपटॉप. लॅपटॉप दादाचा. देताना तो काय म्हणाला ते इथे लिहीत नाही. शाळेचा प्रोजेक्टर ऑफिसच्या कपाटात आणि किल्ली ज्यांच्याकडे ते अकराला येतात. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा ॲपवरचा व्हिडिओ दाखवायचा तर रेंज फक्त फाटकाजवळच्या निंबाखाली. म्हणून आदल्या रात्रीच सगळं उतरवून ठेवायचं, स्वतःच्या डेटाने. सोळा आठवड्यांची आंतरवासिता, रोज पाठाचं टाचण, रोज सही. शिक्षक पात्रता परीक्षेचं, टीईटीचं पुस्तक उशाशी आहे, ते नुसतं उशाशीच आहे. आणि वर घरी त्या स्थळाची बोलणी. तो विषय नको.

मग रात्री अकराला एक फोटो नेटवरून घेतला तर माझं काय चुकलं?

चुकलं असं वाटतंय म्हणूनच लिहितेय ना.

पहिल्या वर्षाला आम्ही पाठ केलं होतं, मला अजूनही झोपेत म्हणता येतं: प्रकल्प पद्धती, किलपॅट्रिक, १९१८. सामाजिक वातावरणात मनापासून केलेली सहेतुक कृती. चार पायऱ्या: हेतू ठरवणे, नियोजन, अंमलबजावणी, मूल्यमापन. परीक्षेत हे लिहून मला पूर्ण गुण मिळाले होते. त्या 'मनापासून'वर तेव्हा मी अधोरेखित करायची रेघ मारली होती, सर म्हणाले होते म्हणून. आता त्या पोराच्या चार प्रिंट बघते तर हेतू आहे (मॅडम रागावू नयेत), नियोजन आहे (सायबरवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवलं असणार), अंमलबजावणी आहे (पैसे दिले). चौथी पायरी मी केली, सगळ्या वर्गासमोर. माझ्या पीपीटीला तरी यापेक्षा वेगळं काय होतं? त्याच्या प्रिंटवर निदान साइटचं नाव तरी होतं.

आणि पीपीटीच कशाला. कपाटातल्या माझ्या फायली. मागच्या बॅचच्या ताईकडून आलेली टाचणं, तिच्याकडे त्याच्या मागच्या बॅचकडून आलेली. कृतिसंशोधनाचा अहवाल... जाऊ दे. आम्ही त्याला संदर्भ घेणं म्हणतो. आठवीतल्या पोराने केलं की त्याला कॉपी म्हणतो.

आत्ता मगाशी तो फोटोच नेटवर टाकून तो कुठून आलाय ते शोधून पाहिलं. वीस-पंचवीस ठिकाणी सापडला. एका ठिकाणी खाली केरळ लिहिलंय, एका ठिकाणी कर्नाटक. पांझरा कुठेच नाही. म्हणजे मी आठवीच्या वर्गाला पांझरेवरची फड पद्धत म्हणून कुठलं तरी दुसरंच पाणी दाखवलं. तेही पांझरेपासून हाकेच्या अंतरावर बसून. आणि त्या पोराने तेच दाखवलं, ज्याचं घरच नदीच्या काठाला आहे.

आजी उठून आली. "कसाले इतलं जागी राहिनी व माय? डोया फुटतीन." झोपते म्हटलं.

बुधवार

फार लिहायला वेळ नाही. त्याने काही आणलं नाही आज. मीही विचारलं नाही. मधल्या सुट्टीत एकदा समोरून गेला, हसला. म्हणजे त्याच्या मनात काहीही नाही. सगळं माझ्याच मनात.

मधली सुट्टी संपताना त्याने विचारलंच: "मॅडम, हातवरी लिखू का मोबाईलवर?" मी म्हटलं, कसंही. हे उत्तर झालं का? दोन वर्षं मी नेमकं हेच शिकतेय, कुठे हात आणि कुठे मोबाईल. आणि ऐन वेळी 'कसंही'.

कॉलेजात साने गुरुजींची तसबीर आहे, दर कार्यक्रमाला आम्हीच तिला हार घालतो. अमळनेरला असताना गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे म्हणतात. रोज! मी आठवड्याला चौदा स्लाइड करते तर कंबर धरते.

गुरुवार

शाळा सुटल्यावर बंधाऱ्यावर गेले. गावातले जिभाऊ सोबत आले, मी एकटी जाते म्हटलं तरी. चालत दहा मिनिटं. इतके दिवस या शाळेत येतेय आणि तिकडे वळले नव्हते.

थंडी आहे, ऊन लवकर उतरलं. बंधारा बघून खरं सांगायचं तर मी हिरमुसले. लहानसा आहे. दगड काळे, कडेला बेशरम माजलेली, पाण्यात प्लॅस्टिक. दोन बाया गोधड्या धूत होत्या, त्यांनी मला बघून मुलाखत घ्यायला आली का म्हणून विचारलं. मी तेवीस फोटो काढले. सगळ्यांत सूर्य समोर. एकात जिभाऊंचा अंगठा.

जिभाऊ बाजूला बसून बघत होते. मग म्हणाले, "फोटू कसाना काढी राहिनी तू?" मी म्हटलं, फड पद्धतीचा. ते हसले. "पानीनी बारी फोटूमा दिसस का?" बारी म्हणजे पाळी.

मग सांगत बसले. मी मोबाईलवर रेकॉर्ड करायला लागले, नंतर ते विसरून गेले आणि नुसती ऐकत राहिले. बंधाऱ्याने अडवलेलं पाणी कालव्याने निघतं, कालव्यातून चाऱ्या, उरलेलं पाणी सांडमातून, म्हणजे जादा पाणी सोडायच्या वाटेने, परत नदीला. हे मला माहीत होतं, स्लाइड सातवर आहे. पण स्लाइडवर मी जमिनीचे चार रंगीत तुकडे काढून 'फड १, फड २' लिहिलं होतं, आणि आपण ते का लिहितोय हे मला ठाऊक नव्हतं. जिभाऊ म्हणाले, एका फडात एकच पीक. या साली या फडात ऊस, तर पुढच्या साली दुसऱ्यात, एखादा पडीक. आणि गावातल्या माणसाचा तुकडा एकाच फडात नसतो, शक्यतो सगळ्या फडांत थोडा थोडा. म्हणजे पाणी कमी आलं आणि एखादा फड कोरडा ठेवायची वेळ आली, तर सगळ्यांचंच थोडं थोडं जातं. एकट्याचं घर बसत नाही. पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं. शेतकऱ्याने स्वतः बारं धरायचं नाही, चारी फोडायची नाही. पाटकरी देईल तेव्हा आणि देईल तेवढं. त्याची मजुरी धान्यात. पीक राखायला जागल्या. भांडण झालं तर पंच. हे तीन-चारशे वर्षांपासून, कुणी सरकारने न सांगता.

त्यांचे वडील पाटकरी होते, हे शेवटी सांगितलं. तेही मी विचारलं म्हणून. आता इकडे विहिरी झाल्या, बोअर झाले, वर अक्कलपाड्याला धरण झालं. रात्रीच्या लाईटीवर ज्याची त्याची मोटार. "आते ज्यानी त्यानी बारी," म्हणाले, आणि तंबाखू मळायला लागले.

मी परतताना विचार करत होते की हे वर्गात कसं न्यायचं. फोटो नाहीच उपयोगाचा. फोटोत बंधारा येतो, आणि बंधारा तर कुठलाही. म्हणूनच केरळचा खपला. मुलांनाच चार फडांवर उभं करावं, प्रत्येकाला प्रत्येक फडात एकेक जागा, बादलीत पाणी अर्धंच, आणि एकाला पाटकरी करावं. तिसऱ्या बाकावरच्याला. बघावं कुणाचं किती भांडण होतं. प्रोजेक्टर नको, लाईट नको. निरीक्षण तक्त्यात 'तंत्रज्ञानाचा वापर' समोर मग काय लिहितील कुणास ठाऊक.

हे सगळं सुचल्यावर मी स्वतःवर इतकी खूश झाले की काळीपिवळीत शेजारच्या बाईने दोनदा बघितलं. घरी येऊन टाचणाची वही काढली, तर उद्या माझा पाठ बहुपदींवर. फड पुढच्या आठवड्यात, तोही तास मोकळा मिळाला तर.

रेकॉर्डिंग ऐकलं. पहिली अडीच मिनिटं जिभाऊ, नंतर मोबाईल पर्समध्ये गेलाय, मग पाऊण तास नुसती खसखस. तरी पुसून टाकलं नाही.

शुक्रवार

बहुपदी पार पडली. त्याबद्दल काही नाही.

त्याने प्रकल्प आणला आज. तासाला सगळ्यांसमोर दिला नाही, तास संपल्यावर स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला, हात मागे. मी म्हटलं, बघू. मनात म्हटलं, चित्र काढलं असेल, काठावर जाऊन काही बघितलं असेल, आजोबांना विचारलं असेल. काल रात्री मी जे स्वतःसाठी ठरवलं होतं ते सगळं मी त्याच्याकडून मागत होते, हे मला तेव्हाच कळलं.

त्याच चार प्रिंट. पण आता खाकी पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या, बाजूने स्केचपेनची दुहेरी किनार, हिरवी आणि लाल. वर मोठ्या अक्षरांत नाव, इयत्ता, हजेरी क्रमांक. तो फोटो मधोमध. आणि फोटोखालची पट्टी कापलेली. वरची तारीख नाही, खालचा पानाचा नंबर नाही. फूटपट्टी ठेवून धारेच्या कात्रीने कापल्यासारखी सरळ रेघ.

"आते बराबर शे ना, मॅडम?"

मी काय बोलणार होते? हसू आलं मला. मंगळवारी रडू आलं होतं त्याच जागेवरून आलं असावं. मी म्हटलं, "पट्टी कोणी कापायला सांगितली?"

"कोनी नही. तुम्हनावर नव्हती ना." मग जरा थांबून, आवाज खाली आणून, मला कुणासमोर उघडं पाडू नये अशा बेताने: "पन तुम्हना थोडासा राही गया."

आकारिक मूल्यमापनाच्या दहा गुणांपैकी मी त्याला पेन्सिलने सात दिलेत. पेनाने करायचे आहेत. बंधारा दाखवशील का म्हणून विचारलं, तर म्हणाला, रोजच तर जातो, त्यात काय दाखवायचं.

घरी आल्यावर सहावी स्लाइड उघडली, मोठी करून पाहिली. उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, पाण्याच्या पांढऱ्या फेसात एका इंग्रजी अक्षराचं शेपूट.